पश्चिमेकडच्या बायकांची खिडकी

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज मी तुम्हाला एका खिडकीची गोष्ट सांगणार आहे. ही खिडकी आपल्या इकडची नाही, पार इंग्लंडमधली आहे. ती बसवली त्याला आता पाचशे वर्षं होऊन गेली. पण ती कुणी बसवली हे ऐकलंत, की ती तुम्हाला परकी वाटणार नाही.

आधी ही गोष्ट मला आठवली कशी ते सांगते. आमच्या गावात देवळाच्या सभामंडपाचं काम निघालं. गावातल्या सात बचत गटांनी मिळून २१ हजार रुपये वर्गणी दिली. कुणी अंडी विकून दिले, कुणी शिलाईच्या पैशातून, कुणी मजुरीतून. काम झालं, फरशी बसली, संगमरवरी पाटी लागली. पाटीवर देणगीदारांची नावं आली, ती सगळी पुरुषांची. आमचे पैसे ‘समस्त ग्रामस्थ’ या दोन शब्दांत जिरले. महिन्याच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "नाव कशाला पाहिजे? देवाला माहीत आहे ना." त्यावर दुसरी म्हणाली, "देवाला माहीतच आहे हो काकू. पण माझ्या नातीला कोण सांगणार?"

या प्रश्नावर सगळ्याच गप्प झाल्या. मी घरी आले आणि मला सेंट नीऑटची खिडकी आठवली. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, तेव्हापासून जुन्या इमारतींबद्दल वाचायची मला आवड आहे. तर चला, आज त्या गावी जाऊ.

गावाचं चर्च

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा जिल्हा आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र, मधे खडकाळ माळरान. जमीन फार सुपीक नाही. लोक मेंढ्या पाळायचे, ओट आणि राय पिकवायचे, आणि कथिल काढायचे. भांड्यांना कल्हई करतात तेच कथिल. अशा एका माळाच्या दक्षिण कडेला सेंट नीऑट हे गाव आहे. गावच्या संताचंच नाव गावाला पडलं आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक गावाला, किंवा चार-पाच वाड्यावस्त्यांना मिळून एक चर्च असे. त्या चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात. एका पॅरिशमधली माणसं एकाच चर्चमध्ये नाव ठेवायला जात, तिथंच लग्न लावत आणि तिथल्याच आवारात त्यांना पुरत. शेतात जे पिकेल त्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. दहा पेंढ्यांतली एक पेंढी, दहा कोकरांतलं एक कोकरू, लोकरीतला दहावा भाग. हा सक्तीचा होता.

मग एवढं दिल्यावर इमारत तरी चर्चवाल्यांनी बांधावी की नाही? तर नाही. इथंच गंमत आहे.

चर्चचे दोन मुख्य भाग असतात. आपल्या देवळाशी ताडून बघा. पूर्वेच्या टोकाला वेदी असते, तिथं धर्मगुरू पूजा करतो. त्याला आपण गाभारा म्हणू. त्याच्या पश्चिमेला लांबच लांब मोठा भाग असतो, तिथं लोक जमतात. त्याला सभामंडप म्हणू. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये असा दंडक पक्का झाला होता, की गाभाऱ्याची डागडुजी धर्मगुरूने करायची, आणि सभामंडपाची, मनोऱ्याची, घंटांची जबाबदारी गावाची. छप्पर गळालं तरी गावानेच बघायचं. दहावा हिस्सा द्यायचा तो वेगळा, आणि ही वर्गणी वेगळी.

हा लोकांवर भार होता हे खरंच. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. जो भाग लोकांनी बांधायचा, तो लोकांचा झाला. सभामंडप किती मोठा करायचा, खिडकी कुठे काढायची, तिच्यात चित्र कुठलं घालायचं, यात गावाचं बोलणं चालू लागलं. गाव दरवर्षी बहुधा दोन कारभारी निवडे. ते पैसे जमवत, खर्च करत, आणि वर्षाअखेरीस सगळ्या गावापुढे हिशेब वाचून दाखवत. ऐकून ओळखीचं वाटतंय ना?

दारातून आत

आता दारातून आत जाऊ. बहुतेक चर्चना दक्षिणेच्या बाजूला देवडी असते. ती फक्त पावसाच्या आडोशाची नव्हती. लग्नाचा मुख्य विधी तिथंच, दारापाशी होत असे. अंगठी तिथं घालायची, शपथ तिथं घ्यायची, आणि मग जोडपं आत जायचं. बाळंतीणसुद्धा साधारण चाळीस दिवसांनी सुइणीला आणि शेजारणींना घेऊन इथंच यायची. आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात तसंच. धर्मगुरू तिला दारातून आत घेऊन जायचा. त्या दिवशी सगळ्या बायकांचा मान असायचा.

आत शिरलं की दाराजवळच दगडाचं मोठं कुंड दिसतं. तिथं बाळाचा बाप्तिस्मा होतो, म्हणजे पाणी शिंपडून किंवा पाण्यात बुडवून नाव ठेवतात. कुंड दाराजवळ, कारण बाळ या कुंडातूनच समाजात येतं. कुंडावर झाकण आणि झाकणाला कुलूप असे, कारण ते पवित्र पाणी कुणी करणी-बिरणीसाठी चोरू नये. आणि एक लक्षात ठेवा. बाप्तिस्मा हे धर्मगुरूचं काम, पण बाळ जगेल की नाही अशी वेळ आली तर सुइणीला तो देण्याची परवानगी होती. ते शब्द सुइणीला पाठ असावेत याकडे धर्मगुरूंनी लक्ष द्यायचं असे.

सभामंडपात आज बाकं दिसतात. आधी तीही नव्हती. लोक उभे राहत, गुडघे टेकत. भिंतीच्या कडेने दगडी कट्टा असे, त्यावर म्हातारी-आजारी माणसं टेकत. पंधराव्या शतकात लाकडी बाकं आली. पुष्कळ ठिकाणी बायका उत्तरेच्या बाजूला आणि पुरुष दक्षिणेच्या बाजूला बसत. उत्तरेच्या बाजूला ऊन कमी.

सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये लाकडी कोरीव जाळीचा पडदा असे. जाळीतून पलीकडचं दिसायचं, पण पलीकडे जायचं नाही. त्यावर येशूच्या सुळाची मोठी मूर्ती, आणि दोन्ही बाजूंना मरिया आणि संत योहान. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि पूजा लॅटिन भाषेत चालायची, ती लोकांना कळत नसे. म्हणून भिंतींवर चित्रं काढलेली असत. भिंतींनी लोकांना शिकवायचं.

दगड, कमान आणि धिरे

आता बांधकामाकडे येऊ. तुमच्यापैकी घरकुलाच्या कामावर विटा-वाळू वाहिलेल्या पुष्कळ आहेत, तुम्हाला हे लगेच समजेल.

कॉर्नवॉलचा दगड ग्रॅनाइट. कठीण, खरबरीत, छिन्नी लवकर बोथट करणारा. मऊ दगडावर जशी पानं-फुलं कोरता येतात तशी याच्यावर कोरता येत नाहीत. म्हणून तिथली चर्चं साधी दिसतात. ठेंगणी, लांबट, वाऱ्याला पाठ दिलेली. सेंट नीऑटचा मनोरा चौदाव्या शतकातला आहे. बाकीचं चर्च पंधराव्या आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधलं. मधल्या मंडपाच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा टाकून दोन लांब ओवऱ्या काढल्या. छताला आतून वाकवलेल्या लाकडांच्या कमानी आहेत. बैलगाडीवर तट्ट्या घालून छप्पर करतात ना, आतून बघितलं की तसंच दिसतं. इंग्रजीत त्याला गाडीचं छतच म्हणतात.

खिडक्यांना वरून टोकदार कमानी. तुमच्यातल्या कुणी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्या असाल, तर तिथं अशा टोकदार कमानी बघितल्या असतील. ते स्टेशन १८७८ ते १८८८ या काळात इंग्रजांनी बांधलं, तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या जुन्या चर्चांची ही पद्धत मुंबईत आणली. टोकदार कमानीचा फायदा असा. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच राहते. उंच करायची तर रुंदही करावी लागते. टोकदार कमान रुंदी तेवढीच ठेवून हवी तेवढी उंच नेता येते. शिवाय वरचं वजन बाजूला कमी रेटतं आणि सरळ खाली जास्त उतरतं. उरलेला रेटा थोपवायला भिंतीला बाहेरून ठरावीक अंतरावर दगडी धिरे बांधतात. कलत्या कुडाला आपण बाहेरून टेकू देतो, तेच काम. भार धिऱ्यांनी घेतला की मधली भिंत मोकळी होते, आणि तिथं मोठी खिडकी बसवता येते.

म्हणून चौदाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये खिडक्या मोठ्या होत गेल्या. उभ्या दगडी पट्ट्यांनी खिडकीचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात रंगीत काच भरायची. अंधाऱ्या मंडपात उजेड आला, आणि उजेडाबरोबर चित्रं आली.

याच सुमाराला एक मोठं संकटही येऊन गेलं होतं. १३४८-४९ साली प्लेगची साथ आली आणि देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. जी वाचली त्यांच्या मजुरीला भाव आला. लोकरीच्या आणि कापडाच्या धंद्यात पैसा आला. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत गावोगावच्या लोकांनी आपापली चर्चं वाढवली, मनोरे उंच केले, खिडक्या काढल्या. त्या मागे श्रद्धा होती, मेलेल्यांची आठवण होती, आणि शेजारच्या गावापेक्षा आपला मनोरा उंच असावा ही हौसही होती.

पैसे कुठून आले

सेंट नीऑटहून जवळच बॉडमिन नावाचं शहर आहे. तिथलं चर्च १४६९ ते १४७२ या काळात पुन्हा बांधलं, आणि त्या कामाचा जमाखर्च आजही शिल्लक आहे. त्यात कारागिरांच्या मंडळ्यांनी दिलेले पैसे आहेत. धर्मगुरूने आपला एका वर्षाचा पगार दिला आहे. दोन रस्त्यांवरच्या अविवाहित मुलींनी आपापल्या रस्त्याची वेगळी वर्गणी दिली आहे. आणि एका बाईची नोंद आहे. तिने आपली वर्गणी भरली, आणि वर आपलं स्वयंपाकाचं भांडं विकून २० पेन्स दिले. त्या काळी साध्या मजुराला दिवसाला साधारण ४ पेन्स मिळत. म्हणजे पाच दिवसांची मजुरी झाली. चुलीवरचं भांडं विकणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पैसे जमवायच्या आणखी रीती होत्या. गावाने मिळून जवाची दारू गाळायची, जेवण करायचं, आणि नफा चर्चला द्यायचा. दारू गाळणं तेव्हा बायकांचंच काम होतं. आणि एक मजेची रीत ऐका. ईस्टरच्या सणानंतरच्या दुसऱ्या सोमवारी आणि मंगळवारी पुष्कळ गावांत बायका दोर घेऊन रस्त्यावर उतरत. येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषाला दोरात अडवायचं, आणि पैसे दिल्याशिवाय सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुरुषांची पाळी. पण गावोगावच्या जुन्या हिशेबांत दिसतं ते असं, की बायकांची जमा बहुधा पुरुषांपेक्षा जास्त भरायची. ते पैसे चर्चच्या कामाला जायचे.

हे सगळं कुठल्या कायद्याखाली चालत होतं तेही बघा. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईच्या नावावर काही राहत नसे. तिची गाय, तिचे कपडे, तिने कातलेल्या सुताचे पैसे, सगळं नवऱ्याचं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नसे. तरी मृत्युपत्र केलेल्या बायकांनी, विधवांनी, मरताना चर्चला काय दिलं? लग्नाची अंगठी मूर्तीच्या बोटात घालायला दिली. चांगला झगा वेदीवर अंथरायला दिला. डोक्याचा रुमाल मरियेच्या मूर्तीला दिला. जे अंगाला लागलं होतं, तेच दिलं.

ती खिडकी

आता सेंट नीऑटच्या उत्तरेच्या ओवरीत उभ्या राहा. हीच ओवरी सगळ्यात शेवटी बांधली.

या चर्चमधल्या पुष्कळ खिडक्या गावातल्या मातब्बर घरांनी दिल्या. बोर्लेस घराण्याची एक खिडकी आहे, कॅलवे घराण्याची एक आहे. त्यांत त्या घरातली माणसं गुडघे टेकून बसलेली दाखवली आहेत, आणि नाव लिहिलं आहे. श्रीमंतांचं नाव लिहिलं जातंच.

पण उत्तरेच्या बाजूला तीन खिडक्या वेगळ्या आहेत. त्या कुणा एका घराच्या नाहीत, गटांच्या आहेत. १५२८ सालची एक खिडकी गावातल्या तरुण मुलांनी वर्गणी काढून दिली. १५२९ सालची एक गावातल्या मुलींनी, बहिणींनी दिली. आणि या दोन्हींच्या आधी, १५२३ साली, एक खिडकी बायकांनी दिली. खाली लॅटिनमध्ये मजकूर आहे. त्याचा अर्थ असा, की ही काच या पॅरिशच्या पश्चिम भागातल्या बायकांच्या खर्चाने बसवली.

पश्चिम भागातल्या बायका. म्हणजे जणू आपल्या वरच्या आळीतल्या किंवा खालच्या वाडीतल्या बायका. ज्यांच्या नावावर कायद्याने एक कोंबडीही नव्हती, त्यांच्या खर्चाने, असं काचेवर लिहिलं गेलं.

रंगीत काच स्वस्त नव्हती. वाळू आणि लाकडाची राख भट्टीत वितळवून काच करत. निळ्या, तांबड्या काचा बहुतेक समुद्रापलीकडून येत. कारागीर पांढऱ्या रंगाने सारवलेल्या टेबलावर आधी पूर्ण चित्र काढे. मग त्या मापाचे काचेचे तुकडे कापी, त्यांवर चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या रंगवून पुन्हा भट्टीत भाजी, आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांत अडकवून जोडी. गोधडी शिवतो तसंच, फक्त दोऱ्याच्या जागी शिसं.

बायकांनी चित्रं कुठली निवडली? एका भागात मरिया आहे, मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली. एका भागात जखमा दाखवणारा येशू. बाकीच्या दोन भागांत त्यांच्याच मुलखातले दोन संत, मबेना आणि म्युब्रेड. मबेना ही बाई संत आहे. रोमच्या बड्या संतांत यांची नावं सापडणार नाहीत. आपल्या गावच्या देवीचं नाव जसं दहा गावांपलीकडे कुणाला माहीत नसतं, तसं. आणि सगळ्यात खाली त्या स्वतः आहेत. डोक्यावर पदर घ्यावा तशी वस्त्रं घेतलेल्या, हात जोडलेल्या, गुडघ्यांवर बसलेल्या बायकांचे घोळके.

तरुणांच्या खिडकीत गावच्या संताची गोष्ट बारा चौकटींत सांगितली आहे. त्यातल्या दोन गोष्टी ऐकवते. नीऑटचे बैल चोरांनी पळवले, तेव्हा रानातली हरणं आपण होऊन आली आणि नांगराला जुंपून घेतली. आणि त्याच्या विहिरीत देवदूताने मासे सोडले होते. रोज एकच काढायचा, म्हणजे कधी संपणार नाहीत. एकदा नीऑट आजारी पडला. नोकराने प्रेमापोटी दोन मासे काढले, एक उकडला, एक तळला. नीऑट घाबरला, म्हणाला, आधी परत विहिरीत सोड. सोडल्यावर ते मासे जिवंत झाले. गरजेपुरतंच काढायचं, भांडवलाला हात लावायचा नाही. आमच्या गटातल्या बायकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा खजिनदार म्हणाली, "ही तर आपल्या कर्जवाटपाची गोष्ट आहे."

काच आणि वही

एवढं सगळं बांधलं आणि वीस-पंचवीस वर्षांत वारं फिरलं. आठवा हेन्री राजा १५३४ साली पोपपासून वेगळा झाला. १५४७ साली तो वारला आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला. त्याच्या दरबाराने चर्चमधल्या मूर्ती काढायला लावल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासायला लावला. गावोगावच्या भाविक मंडळ्या, त्यांच्या दिवाबत्तीच्या गंगाजळ्या बंद झाल्या. डेव्हन आणि कॉर्नवॉलचे लोक १५४९ साली या बदलांविरुद्ध उठले, आणि राजाच्या सैन्याने त्यांना चिरडलं. काचा अनेक ठिकाणी फुटल्या. सेंट नीऑटच्या मात्र पुष्कळशा टिकल्या. एकोणिसाव्या शतकात त्यांची मोठी दुरुस्ती झाली, काही भाग नवे केले, पण बायका अजून तिथंच हात जोडून बसल्या आहेत.

तरी मला एक गोष्ट खटकते, ती सांगते. त्या खिडकीत कुणाचंही नाव नाही. पश्चिमेकडच्या बायका, एवढंच. त्यातली सखू कोण, ठकू कोण, सगळ्यांना जमवून आणणारी कोण, हे काचेत नाही.

नाव कुठे सापडतं? वहीत. शेजारच्या डेव्हनमध्ये मोरबाथ नावाचं एक छोटं गाव आहे. तेव्हा तिथं जेमतेम ३३ कुटुंबं होती. तिथला धर्मगुरू क्रिस्टोफर ट्रिकी १५२० साली आला आणि १५७४ साली मरेपर्यंत तिथंच राहिला. त्याने चर्चच्या हिशेबाची वही जन्मभर लिहिली, आणि तो ती गावाला वाचून दाखवत असे. त्या गावात तरुण मुलींची स्वतःची वेगळी गंगाजळी होती. मुली दरवर्षी आपल्यातल्या दोघींना कारभारी निवडत. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या, त्या एकेका घराने आपल्या कळपात सांभाळायच्या आणि लोकरीचे पैसे चर्चला द्यायचे. आपण शेळीगट चालवतो ना, तसंच.

आणि या गावात कधी कधी बाईसुद्धा अख्ख्या चर्चची मुख्य कारभारी होत असे. १५४८ साली, ज्या वर्षी सगळ्यात वाईट दिवस आले, तेव्हा लूसी सीली नावाची बाई कारभारी होती. मंडळ्या बुडाल्या, मेंढ्या विकल्या गेल्या, गावाने हौसेने केलेल्या वस्तू मोडीत निघाल्या, तेव्हा हिशेबाला ती उभी होती. मोरबाथचं चर्च नंतरच्या काळात खूप बदललं. पण ट्रिकीची वही अजून जपून ठेवलेली आहे, म्हणून लूसी सीली मला तुम्हाला सांगता आली.

सेंट नीऑटच्या काचेने गट लक्षात ठेवला, नावं नाही. मोरबाथच्या वहीने नावं लक्षात ठेवली. आपल्याला दोन्ही पाहिजे.

आता आमच्या गावचं सांगून संपवते. मी ही सगळी गोष्ट बैठकीत सांगितली. ज्या काकू म्हणाल्या होत्या की नाव कशाला पाहिजे, त्यांनीच विचारलं, "त्या बायकांनी स्वतः सांगितलं असेल ना, की आमचं लिहा म्हणून?" मी म्हटलं, "काकू, पैसे देणाऱ्याने सांगितल्याशिवाय कारागीर स्वतःहून कशाला लिहील?" मग आम्ही दोन कामं केली. पहिलं, गटाच्या इतिवृत्त वहीत एक पान वेगळं काढलं. त्यावर कुणी किती दिले आणि ते कशातून आले, ते बाईच्या पूर्ण नावानिशी लिहिलं. "अंडी विकून, १५० रुपये" असंसुद्धा लिहिलं. दुसरं, देवस्थान समितीला सातही गटांच्या सह्यांचा अर्ज दिला, की पाटीवर एक ओळ वाढवावी. पाटी अजून बदललेली नाही. समिती म्हणते, पुढच्या बैठकीत बघू. आम्हीही बघणार आहोत, त्या बैठकीला जाऊनच.

तुमच्या गावातली शाळेची भिंत, पाण्याची टाकी, समाजमंदिर, यांत कुठल्या बायकांचे पैसे आणि कष्ट आहेत, ते येत्या बैठकीत एकमेकींना विचारा. म्हाताऱ्यांना आधी विचारा. आणि जे कळेल ते त्याच दिवशी वहीत लिहा, पूर्ण नावासकट.